मॉलचं गाव होतं का? साउथडेलचा इतिहास आणि पुनर्विकास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी मला विचारलं, मॉलवर कसलं व्याख्यान? वाड्यावर बोला, लेण्यांवर बोला, फार तर एखाद्या जुन्या गिरणीवर बोला. मॉलमध्ये सेलच्या पाट्या सोडून बघण्यासारखं असतं काय? प्रश्न रास्त आहे. पण ज्या इमारतीत शहरातली माणसं आपले इतके रविवार घालवतात, तिच्याकडे इमारत म्हणून कुणी बघायचंच नाही, हे मला पटत नाही. आणि दुसरं म्हणजे, आज ज्या मॉलबद्दल बोलणार आहे तो मी पाहिलेला आहे. खरेदीला नव्हतो गेलो. चालायला गेलो होतो.

मिनियापोलिसला मुलीकडे होतो. जानेवारी महिना, बाहेर उणे वीसच्या आसपास. तिकडे असं आहे, की थंडीत ज्येष्ठ मंडळी फिरायला मॉलमध्ये जातात. दुकानं उघडायच्या आधी मुख्य दारं उघडतात, कोट काढून हातावर घ्यायचा आणि बंद शटरांसमोरून फेऱ्या मारायच्या. मुलीने पहिल्या दिवशी मला तिथे सोडलं तेव्हा मला जरा हसूच आलं. चौथ्या दिवशी मीच तिला घाई करत होतो. तिथे कोल्हापूरचे एक गृहस्थ भेटले, तेही मुलाकडे सहा महिने राहायला आलेले. ते म्हणाले, "इथं यायला मिळालं नसतं तर मी फेब्रुवारीतच परत गेलो असतो." फेऱ्या झाल्या की आम्ही मधल्या मोठ्या चौकात बाकावर बसायचो. वरच्या खिडक्यांतून उजेड यायचा. समोर सोनेरी धातूची दोन उंच झाडं. कुणी उठा म्हणायचं नाही, काही घ्या म्हणायचं नाही.

हा मॉल म्हणजे इडायना या उपनगरातलं साउथडेल सेंटर. ८ ऑक्टोबर १९५६ ला उघडलेलं. पूर्ण बंदिस्त, आतलं हवामान कायम एकसारखं ठेवणारं, मधे चौक आणि भोवती दोन मजल्यांवर दुकानं, असं जे रूप आज आपण 'मॉल' म्हणून ओळखतो, ते पहिल्यांदा इथे उभं राहिलं. जगातल्या सगळ्या मॉलचं आजोळ म्हणा ना. आणि गेली दहा-बारा वर्षं तिथे पुनर्विकास चालू आहे. गाड्यांच्या तळावर घरं आली, हॉटेल आलं, एका बंद पडलेल्या मोठ्या दुकानाच्या जागी भलंमोठं व्यायामकेंद्र आलं. या बदलांबद्दल लिहिणारे बहुतेक लोक एक वाक्य हमखास लिहितात: मॉलच्या जनकाने जे स्वप्न पाहिलं होतं ते साठ वर्षांनी पुरं होतंय. आज मला याच वाक्याशी भांडायचं आहे.

भांडण समजायला आधी तो जनक समजला पाहिजे. व्हिक्टर ग्रूएन. जन्म १९०३, व्हिएन्ना. मूळ आडनाव ग्रूनबाउम. ज्यू कुटुंब. वास्तुरचना शिकला, पण संध्याकाळी काय करायचा, तर राजकीय कॅबरे. म्हणजे छोट्या रंगमंचावर नकला, गाणी, सत्ताधाऱ्यांची टिंगल. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि हा माणूस न्यूयॉर्कला पोचला. खिशात आठ डॉलर होते असं सांगतात. पहिलं नाव झालं ते फिफ्थ अव्हेन्यूवरच्या एका चामड्याच्या वस्तूंच्या दुकानाच्या दर्शनी भागामुळे. त्याने दुकानाचं तोंड आत ओढलं, फुटपाथवरच एक छोटा आडोसा केला. चालणारा माणूस न कळत त्यात शिरायचा आणि काचेतल्या वस्तू बघत उभा राहायचा. हे लक्षात ठेवा. दुकानदाराला गिऱ्हाईक हवं होतं, आणि ग्रूएनने त्यासाठी रस्त्यावरच्या माणसाला थांबायला जागा दिली. त्याच्या पुढच्या सगळ्या कामात या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. कधी जागा जिंकते, कधी गिऱ्हाईक.

१९४३ मध्ये त्याने आणि त्याची पत्नी व भागीदार एल्सी क्रुमेक हिने एका वास्तुविषयक मासिकात युद्धानंतरच्या खरेदी केंद्राची कल्पना मांडली. एल्सीचं नाव या गोष्टीतून नेहमी गळतं, म्हणून मुद्दाम घेतलं. कल्पना काय? उपनगरांत माणसं विखुरली आहेत, प्रत्येक जण आपापल्या गाडीत, भेटायला जागा नाही. मग दुकानांच्या निमित्ताने एक केंद्र करा, त्यात वाचनालय, टपाल कचेरी, दवाखाना, सभागृह घाला. दुकानं हे निमित्त. ग्रूएनच्या डोळ्यांपुढे व्हिएन्ना होतं. कॉफीगृहं, कमानींखालचे रस्ते, रेंगाळणारी माणसं.

संधी दिली डेटन या मिनियापोलिसच्या व्यापारी घराण्याने. त्याआधी डेट्रॉइटजवळ ग्रूएनने नॉर्थलँड नावाचं उघड्यावरचं केंद्र केलं होतं, १९५४ चं. पण मिनेसोटात उघड्यावर कोण हिंडणार? त्यानेच हिशेब मांडला होता, की खरेदीला बाहेर पडावं असं हवामान इथे वर्षातून जेमतेम १२६ दिवस असतं. म्हणून छप्पर. आत बाराही महिने ७५ अंश फॅरनहाइट, आपले चोवीस. मधल्या चौकाला नाव दिलं 'चिरवसंताचा चौक'. झाडं, कारंजं, एकवीस फूट उंचीचा पक्ष्यांचा पिंजरा, फुटपाथवर असतात तशी कॉफीची टेबलं, आणि हॅरी बर्टोया या शिल्पकाराची ती सोनेरी झाडं. बहात्तर दुकानं, पाच हजार दोनशे गाड्यांची जागा, खर्च दोन कोटी डॉलर. डेटनने आपल्या कट्टर स्पर्धकाला, डोनल्डसन्सला, त्याच छपराखाली जागा दिली. त्या काळात ही फार धाडसाची गोष्ट होती.

फ्रँक लॉइड राइट बघायला आला आणि त्याने जाहीरपणे नाक मुरडलं. गावातल्या रस्त्याचे दोष सगळे घेतलेत, गोडवा काहीच नाही, अशा अर्थाचं तो बोलला. राइटचं हे बोलणं मॉलवाले आजही गमतीने सांगतात, म्हातारा कसा चुकला म्हणून. मी म्हणतो, पूर्ण चुकला नव्हता. पण त्याकडे येतो.

आता मूळ नकाशा. डेटन कंपनीच्या हातात ४६३ एकर जमीन होती. मॉल हा त्याचा एक तुकडा. भोवती घरं, सदनिका, शाळा, वैद्यकीय केंद्र, बाग आणि तळं, असं अख्खं गाव ग्रूएनने काढलं होतं. त्यातलं प्रत्यक्ष काय आलं? मॉल आला. गाड्यांचा तळ आला. १९६५ मध्ये रुग्णालय आलं, पण रस्ता ओलांडून, स्वतंत्र. एकेक इमारत स्वतःच्या डांबराच्या मैदानात एकटी उभी. एकीकडून दुसरीकडे जायला गाडी काढायची.

का झालं असं? यावर दोन प्रकारची उत्तरं मिळतात. पहिलं कादंबरीसारखं आहे: युरोपचा स्वप्नाळू माणूस, त्याला लोभी व्यापाऱ्यांनी फसवलं. वाचायला छान. माझा ओढा दुसऱ्या उत्तराकडे आहे, आणि ते कंटाळवाणं आहे, कारण ते आयकराचं आहे. थॉमस हँचेट नावाच्या इतिहासकाराने १९९६ मध्ये एक लेख लिहिला, तो या विषयात मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तो दाखवतो, की १९५४ मध्ये अमेरिकन संसदेने घसाऱ्याचे नियम बदलले. नवी व्यापारी इमारत बांधली तर तिच्या घसाऱ्याचा मोठा भाग पहिल्या काही वर्षांतच उत्पन्नातून वजा करता येऊ लागला. म्हणजे काय, तर इमारत पैसे मिळवत असते आणि कागदावर तोटा दिसत असतो. तो तोटा इतर उत्पन्नावरच्या करातून वळता करायचा, काही वर्षांनी इमारत विकायची, दुसरी बांधायची. आणि घसारा जमिनीवर मिळत नाही, फक्त बांधकामावर मिळतो. मग शहरातली महाग जमीन कशाला घ्या? गावाबाहेर स्वस्त शेत घ्या आणि नवं बांधा. जुनी इमारत दुरुस्त करण्यापेक्षा नवी उभारणं किफायतशीर. १९५६ मध्ये महामार्गांचा कायदा झाला, रस्ते सरकारने बांधून दिले. तळं, शाळा आणि बाग यांना घसारा कुठून मिळणार?

म्हणजे ग्रूएनला एका खलनायकाने फसवलं असं नाही. हिशेबाच्या वहीत ज्या गोष्टीला रकाना होता ती बांधली गेली. ज्याला नव्हता ते नकाशावर राहिलं. १९८६ च्या करसुधारणेत या सवलती आटल्या, पण तोवर देशभर मॉल झाले होते आणि त्यांच्यामुळे गावोगावचे जुने बाजाररस्ते ओस पडले होते.

ग्रूएनला हे कळलं नाही असं नव्हे. त्याने पुढची वर्षं शहरांची मध्यवस्ती वाचवण्यावर पुस्तकं लिहिली, १९६८ मध्ये तो व्हिएन्नाला परत गेला, तिथली जुनी मध्यवस्ती पायी चालणाऱ्यांसाठी राखायच्या योजनेत त्याने काम केलं. आणि १९७६ मध्ये त्याच व्हिएन्नाच्या दक्षिणेला, वेशीबाहेर, एक प्रचंड शॉपिंग सिटी उघडली. बिचारा! ज्या गावाची आठवण काढून त्याने मॉल काढला, त्या गावाच्या दाराशी मॉल येऊन उभा राहिला. १९७८ मध्ये लंडनच्या भाषणात त्याने या अपत्यांशी माझा संबंध नाही, असं जवळजवळ कानांवर हात ठेवून सांगितलं. दोन वर्षांनी गेला. आणि त्याच्या नावाने भाषेत काय उरलं? 'ग्रूएन ट्रान्सफर'. एक वस्तू घ्यायला आलेला माणूस मॉलमध्ये भांबावतो आणि नको त्या दहा वस्तू बघत हिंडतो, त्या क्षणाला हे नाव आहे.

इथवरची कथा माल्कम ग्लॅडवेलपासून पुष्कळांनी सांगितली आहे. माझी तक्रार पुढे सुरू होते. या कथेत ग्रूएनचा मूळ नकाशा निष्पाप धरला जातो. जणू ते गाव झालं असतं तर सगळं गोड झालं असतं. पण गाव कुणाचं? इडायनातच 'कंट्री क्लब' नावाची १९२४ ची वसाहत आहे. तिथल्या खरेदीखतांत अट होती, की गोऱ्या वंशाखेरीज कुणाला इथे राहता येणार नाही, नोकर सोडून. अशा अटी न्यायालयातून अंमलात आणता येणार नाहीत, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये ठरवलं. साउथडेल त्यानंतर आठ वर्षांनी उघडलं. कागद बदलला होता, वस्ती बदलली नव्हती. मिनेसोटा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी अलीकडे ही हजारो खरेदीखतं शोधून नकाशावर मांडली आहेत. तो नकाशा बघितल्यावर चिरवसंताचा चौक 'सर्वांसाठी' होता असं मला तरी म्हणवत नाही. दाराशी कुणी अडवत नसेल. पण बस कमी, गाडी आवश्यक, आणि भोवताली राहणार कोण हे आधीच ठरलेलं.

आता पुनर्विकास. मॉलला उतरती कळा का लागते याची कारणं तुम्हाला ठाऊक आहेत. नवा मॉल जवळ येतो. साउथडेलपासून काही मिनिटांवर १९९२ मध्ये मॉल ऑफ अमेरिका उघडला. मोठी दुकानं बंद पडतात, लोक घरबसल्या वस्तू मागवतात. साउथडेलमधलं जे. सी. पेनी हे दुकान २०१७ मध्ये बंद झालं. इथे एक तांत्रिक गोष्ट सांगतो. मॉलमधली ही मोठी दुकानं, अँकर म्हणतात त्यांना, त्यांचे मालकाशी असे करार असतात की त्यांच्या संमतीशिवाय गाड्यांच्या तळावर वीटसुद्धा रचता येत नाही. त्यांचं म्हणणं, रस्त्यावरून आमची पाटी दिसली पाहिजे आणि गिऱ्हाइकाला गाडी लावता आली पाहिजे. मालकाला घरं बांधायची असली तरी ही मंडळी नाही म्हणू शकतात. म्हणून अँकर दुकान बंद पडणं ही वरवर पाहता मॉलची मरणघटका असते, आणि प्रत्यक्षात बरेचदा पुनर्विकासाचा मुहूर्त.

साउथडेलमध्ये पेनीची इमारत पाडली आणि तिथे लाइफ टाइम या कंपनीचं तीन मजली केंद्र झालं, २०१९ च्या डिसेंबरात उघडलं. पोहण्याचे तलाव, व्यायाम, वर टेबलं भाड्याने घेऊन काम करायची सोय. त्याआधी तळाच्या आग्नेय कोपऱ्यात दोनशेहून अधिक सदनिकांच्या इमारती उठल्या. हॉटेल झालं. अलीकडे महागड्या ब्रँडांची दुकानं आणायचा जोर आहे. मालक एकच आहे, सायमन प्रॉपर्टी ग्रुप, अमेरिकेतली मॉलची सर्वांत मोठी कंपनी.

बांधकाम म्हणून वाईट आहे का? नाही. पाच हजार गाड्यांच्या डांबरावर माणसं राहायला आली, ही माझ्या मते निखळ चांगली गोष्ट. एलेन डनहॅम-जोन्स आणि जून विल्यमसन या दोघींनी उपनगरांच्या दुरुस्तीवर जे पुस्तक लिहिलं, त्यात असे प्रयोग भरपूर आहेत. कोलोरॅडोतल्या लेकवुडमध्ये व्हिला इटालिया हा १९६६ चा मॉल पाडून त्या १०४ एकरांवर बावीस चौकांचं, रस्त्यांचं जाळं घातलं आणि त्याला बेलमार नाव दिलं. तिथे निदान छप्पर काढून रस्ते तरी केले. साउथडेलमध्ये मूळ पेटी तशीच आहे, भोवती नव्या पेट्या आल्या. सदनिकेतून निघून मॉलपर्यंत जायचं तर अजूनही गाड्यांच्या रांगांमधून वाट काढावी लागते. मी चाललोय ना तिथून, बर्फात!

पण माझा खरा आक्षेप रस्त्यांचा नाही. आक्षेप असा, की 'गाव' या शब्दातली नेमकी कोणती गोष्ट ग्रूएनला हवी होती, हे कुणी विचारतच नाही. घरं अधिक दुकानं अधिक व्यायामशाळा म्हणजे गाव झालं, असं धरून चालतात. त्याच्या यादीत वाचनालय होतं, टपाल कचेरी होती, सभागृह होतं. म्हणजे अशा जागा, जिथे माणूस गिऱ्हाईक म्हणून येत नाही. आताच्या यादीत प्रत्येक जागेला मासिक वर्गणी आहे. पूर्वीच्या मॉलमध्ये निदान चौक तरी फुकट होता.

आणि फुकट म्हणजे हक्काचा नव्हे. इथे मला न्यायालयात जावं लागेल, थोडा धीर धरा. १९४६ मध्ये अलाबामातलं एक गाव, सगळं कंपनीच्या मालकीचं. घरं, रस्ते, सगळं. तिथे एका बाईला धर्मविषयक पत्रकं वाटताना पकडलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, खाजगी असलं तरी ते गाव आहे, गावात बोलण्याचा हक्क असतो. १९६८ मध्ये हेच तत्त्व एका शॉपिंग सेंटरला लावलं: हे नव्या काळातलं बाजारपेठेचं गावच आहे. आणि मग चारच वर्षांनी, १९७२ मध्ये, न्यायालय वळलं. पोर्टलंडच्या लॉइड सेंटरमध्ये काही तरुण व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पत्रकं वाटत होते. निकाल लागला, की ही खाजगी मालमत्ता, मालक बाहेर काढू शकतो. १९७६ मध्ये दार आणखी घट्ट लावलं. १९८० मध्ये एवढी फट ठेवली, की एखाद्या राज्याला आपल्या घटनेखाली जास्त हक्क द्यायचा असेल तर द्यावा. कॅलिफोर्नियाने दिला. मिनेसोटाने? १९९६ मध्ये मॉल ऑफ अमेरिकात एका दुकानासमोर फरच्या कपड्यांविरुद्ध निदर्शनं झाली, प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९९ मध्ये उत्तर आलं: नाही. मॉलमध्ये बोलण्याचा हक्क नाही. २०१४ च्या डिसेंबरात त्याच मॉलच्या मोठ्या चौकात कृष्णवर्णीयांवरच्या पोलीस अत्याचारांविरुद्ध शेकडो लोक जमले, तेव्हा पुढाऱ्यांवर खटले भरले गेले. पुढे ते मागे पडले, पण अनधिकृत प्रवेशाचा आरोप झाला तो झालाच.

आता हा धागा पुनर्विकासाला जोडा. पूर्वी माणूस खाजगी चौकात दोन तास यायचा. आता तो तिथे राहणार, तिथेच काम करणार, तिथेच मुलांना खेळायला नेणार. मालक तोच. म्हणजे आपण १९४६ च्या कंपनीच्या गावाकडे चाललोय, फक्त निकाल १९७२ चा सोबत घेऊन. राइटला चौकात जे खटकलं ते मला वाटतं हेच असावं, त्याला शब्द वेगळे सापडले. रस्त्याची गर्दी, गोंगाट सगळं आहे. पण रस्त्यावर ज्या अधिकाराने आपण उभे असतो तो नाही.

कोल्हापूरच्या त्या गृहस्थांना मी एकदा हे सगळं ऐकवलं. ते म्हणाले, "मला कुठं भाषण करायचंय इथं? मला गुडघे हलवायचेत." (हशा) बरोबर आहे. म्हणून मी असं म्हणणार नाही की ती जागा फसवी आहे, तिथे जाऊ नका. त्या चौकाने आम्हाला हिवाळा तारून दिला. मॉलवर टीका करणारे बरेच जण तिथे कोण बसतं ते बघायला जातच नाहीत, हा त्यांचा मोठा दोष. अलेक्झांड्रा लँगचं २०२२ चं पुस्तक मला याचसाठी आवडतं. ती म्हातारे, पोरंटोरं, अपंग यांना मॉल का हवा असतो हे गंभीरपणे विचारते. सपाट जमीन, उबदार हवा, स्वच्छतागृह, बाक. आपली किती सरकारी उद्यानं यातल्या दोन तरी गोष्टी देतात?

म्हणजे प्रश्न असा राहतो, की ही ऊब आणि हा बाक नगरपालिकेच्या मालकीचा असू शकतो का. आणि गंमत बघा, त्याचं उत्तर साउथडेलच्या दक्षिणेलाच, थोड्या अंतरावर आहे. तिथे पूर्वी खडी-वाळूची खाण होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे सेंटेनियल लेक्स नावाचा भाग झाला. कचेऱ्या, घरं, दुकानं, आणि मधे नगरपालिकेचं उद्यान. तळ्यासकट. थंडीत ते तळं गोठतं आणि पोरं त्यावर स्केटिंग करतात. तिथून एक पायवाट उत्तरेला साउथडेलच्या दिशेने काढली आहे, ती पण शहराची. मूळ नकाशातलं तळं हे असं पस्तीस वर्षांनी, दुसऱ्याच खड्ड्यात आलं. ते मॉलच्या मालकाने बांधलं नाही. मला विचाराल तर त्या परिसरात ग्रूएनच्या सगळ्यात जवळ जाणारी जागा हीच. आणि पुनर्विकासावरच्या कौतुकाच्या लेखांत तिचं नाव क्वचित येतं, कारण ती कुणी विकायला काढलेली नाही.

सिअॅटलचं नॉर्थगेटही या बाबतीत बघण्यासारखं आहे. १९५० चा मॉल, बराचसा पाडला, २०२१ मध्ये तिथे हॉकी संघाच्या सरावाचे बर्फाचे आखाडे झाले. पण फरक पडला तो शेजारी त्याच वर्षी सुरू झालेल्या रेल्वे स्थानकाने. गाडी नसलेला माणूस तिथे आता पोचतो. साउथडेललाही फ्रान्स अव्हेन्यूवरून जलद बसमार्ग आखला गेला आहे. पुढच्या वीस वर्षांत तो मॉल कसा होईल हे मला त्या बसवरून जास्त कळेल, महागड्या दुकानांवरून नाही.

बोलणं लांबलं. एखादा प्रश्न घेऊ या. हां, मागच्या ताई विचारतायत, की हे सगळं तिकडचं झालं, आपल्या उपनगरांतल्या ओस मॉलचं काय?

ताई, दोन फरक सांगतो. तिकडे अख्ख्या मॉलचा मालक एक, म्हणून निर्णय होतो, चांगला की वाईट ते सोडा. मुंबईच्या उपनगरांत २००० नंतर जे मॉल झाले त्यांतल्या अनेकांमध्ये गाळे सुटे सुटे विकले. दोनशे गाळेधारक, कुणाचं दुकान चालतंय, कुणी कुलूप लावून दुबईला. सरकता जिना बंद पडला तर दुरुस्तीचे पैसे कुणी द्यायचे यावर तीन वर्षं बैठका. मग रिकाम्या मजल्यांवर जे येईल ते घुसवलं जातं. भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये वरच्या मजल्यावर रुग्णालय होतं. मार्च २०२१ मध्ये, ऐन कोविडात, मॉलला आग लागली आणि रुग्णांचे जीव गेले. ओस मॉलमध्ये काय घालायचं, हा नुसता रचनेच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही, हे आपल्याला फार महागात कळलं आहे.

दुसरा फरक दाराचा. मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स उघडला, १९९९ मध्ये. तो उपनगरातला नव्हे, पण त्याची एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. गर्दी इतकी झाली, की काही काळ तिथे नियम होता: मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर साठ रुपये भरून आत या. तिकडे जी गोष्ट वस्तीच्या नकाशाने आणि बसच्या अभावाने गुपचूप केली, ती आपण उघड दारावर लिहून केली. नियम लवकर गेला, लोकांनी आरडाओरड केली म्हणून. त्या वेळी मी पुण्याहून कामाला गेलो होतो, मित्र म्हणाला चल बघून येऊ. माझ्याकडे मोबाइल नव्हता. आम्ही बाहेर कठड्यावर बसून शेंगा खाल्ल्या आणि आत जाणारे लोक मोजले.

पुढचा प्रश्न कुणाचा आहे?